सुरगाठ, निरगाठ आणि पाठ टाचण

(विशेष शिक्षणाच्या बी.एड. विद्यार्थ्यांसमोर, सराव पाठ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या बाकांवर बसलेल्यांनी पुढे या. पंखाही पुढेच आहे.

तुमच्या टाचणांच्या, म्हणजे पाठाच्या आखणीच्या, वह्या मी आत्ता चाळून आले. कव्हरं फार सुंदर आहेत, एकीने तर जरीची किनार लावलीय. आत मात्र 'उद्दिष्ट' या रकान्यात सतरा जणांनी एकच वाक्य लिहिलंय: 'विद्यार्थी स्वावलंबी होईल.' कधी होईल? घंटा होईपर्यंत? पाठ संपल्यावर मागे बसलेल्या निरीक्षकांनी विचारलं, 'झाला का स्वावलंबी?' तर काय दाखवाल?

हसू नका. मीही हेच लिहायचे. 1987 साली मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत लागले. तेव्हा आम्ही 'मतिमंद मुलांची शाळा' म्हणायचो, पाटीवरही तेच होतं. माझ्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला बाळू म्हणू या, नाव बदललंय. बाळूला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. मी टाचणात लिहिलं, 'बाळू नाडी बांधेल.' तुमच्या स्वावलंबनापेक्षा हे बरं, नाही का? निदान दिसतं तरी. एक लाकडी चौकट आणली, तिच्यावर कापड ताणून नाडी बसवली आणि रोज अर्धा तास बाळूला घेऊन बसले. दिवाळीपर्यंत बाळू चौकटीवर नाडी बांधायला लागला. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना बोलावून दाखवलं. मला शाबासकी मिळाली.

स्वतःच्या कमरेला मात्र त्याला बांधता येईना. मला कळेचना का. शेवटी एक दिवस मी स्वतः खाली मान घालून परकराची नाडी बांधली आणि लक्षात आलं, की चौकटीवरची नाडी समोरच्या माणसाची असते. डावं-उजवं तेच राहतं, पण वर-खाली उलटं होतं, मनगट वेगळ्या बाजूने वळतं. शिवाय बाळूचं पोट जरा पुढे आलेलं, त्याला गाठ दिसायचीच नाही. म्हणजे मी तीन महिने त्याला दुसऱ्याची नाडी बांधायला शिकवत होते.

मग कमरेवर शिकवलं. जानेवारीत जमलं. आणि फेब्रुवारीत एका सकाळी बाळू मुतारीच्या दाराशी रडत उभा. चड्डी ओली. त्याने बांधली होती निरगाठ. सुरगाठ एका टोकाला ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते. बांधायला शिकवताना सोडायचं शिकवणं माझ्या यादीत नव्हतंच. मी कात्रीने नाडी कापली. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली आणि म्हणाली, ''बाई, मी इलॅस्टिक घातलं. बारा आण्यांत झालं काम.''

पाच महिने. त्या पाच महिन्यांत त्या मुलाला काय काय शिकवता आलं असतं, याची यादी मी अजूनही करते. आणि बाळूच्या आईला मी पहिल्या दिवशी विचारलं असतं, की घरी सगळ्यात जास्त अडचण कशाची होते, तर तिने नाडीचं नाव तरी घेतलं असतं का?

वर्षअखेरीच्या अहवालात मात्र मी लिहिलं, 'उद्दिष्ट साध्य.' ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत आहे.

आता तुमच्या पदवीकडे येते. 2015 पासून ही बी.एड. दोन वर्षांची झाली, त्याआधी एकाच वर्षात उरकायची. वाढलेलं वर्ष खरं तर मुलांसमोर जायला हवं. किती जातं ते तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या ताईंना विचारा. फायलींत जातं. आयईपीची, म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची फाईल, केस स्टडीची फाईल, शैक्षणिक साधनांची फाईल. हा आराखडा एका मुलाचा असतो म्हणून त्याला 'वैयक्तिक' म्हणतात, आणि तरी मी दरवर्षी एकच आराखडा चार वेगवेगळ्या मुलांच्या नावाने वाचते. एकदा तर मुलीच्या आराखड्यात 'तो दाढी करण्याची पूर्वतयारी करेल' असं सापडलं. कुठल्या बॅचकडून उतरत आलं असेल, देव जाणे.

पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागेल. ती किरकोळ समजू नका. परिषदेचा कायदा 1992 चा. त्यानुसार नोंदणी नसताना हे काम करणं हा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी प्रशिक्षणांना हजेरी लावावी लागते. तिथे जेवणाच्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग रिकामा असतो, पण तो विषय आज नको.

मला बोलायचंय ते वेगळंच. तुमची पदवी एका अपंगत्वात आहे. कोणी श्रवणदोष घेतलाय, कोणी दृष्टिदोष, कोणी बौद्धिक अक्षमता. विशेष शाळेत नोकरी मिळाली तर ठीक. पण पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात लागलात तर तालुक्यातली सगळी मुलं तुमची. अपंगांच्या हक्कांच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत. तिथे 'हे माझ्या विषयात नाही' म्हणायची सोय नाही.

माझं झालं तसं तुमचं होऊ नये म्हणून सांगते. पुढे काही वर्षं मी अपंग एकात्म शिक्षण योजनेत फिरती शिक्षिका होते. अपंग मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवण्याची केंद्राची ही योजना 1974 मध्ये सुरू झालेली. पहिल्याच आठवड्यात एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीतली एक अंध मुलगी समोर आली. ब्रेल मला येत होतं. म्हणजे सहा टिंबं, त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या, भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलची सगळी मुळाक्षरं मी परीक्षेत काढून आले होते, पैकीच्या पैकी गुण घेऊन. तिच्या ब्रेल पाटीवर मी मोठ्या ऐटीत कागद लावला आणि सळईने 'इ' टोचली. कागद उलटून तिच्या बोटाखाली दिला. ती म्हणाली, ''ए.'' मी म्हटलं, ''नाही गं, इ.'' ती म्हणाली, ''बाई, ए आहे. तुम्हीच बघा.''

बरोबर तीच होती. पाटीवर मागच्या बाजूने टोचायचं असतं, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचं, अक्षर आरशातल्यासारखं. टिंबं मोजतात ती डावीकडे वरून खाली एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा. 'इ'ची टिंबं दुसरं आणि चौथं. आरशात पाहिलं की होतात पहिलं आणि पाचवं, म्हणजे 'ए'. तक्त्यावर हे कळत नाही. तक्ता मी पाठ केला होता, पाटी हातात धरली नव्हती. पुढचे दोन महिने तिने मला शिकवलं. आपण डोळस माणसं 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, उच्चार मात्र क नंतर इ. ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणेच, आधी क, मग इ. तिला आमची ही रीत ऐकून भारी गंमत वाटली होती. ''आधीच कसं कळतं तुम्हाला, पुढे क येणार ते?''

श्रवणदोष घेतलेल्यांनी हसू नका, तुमच्याकडेही येतेय. कर्णबधिर मूल लिहितं, 'आई बाजार गेली.' तुम्ही लाल पेनने 'त' घालता: 'बाजारात'. मूल तो 'त' उतरवतं आणि पुढच्या ओळीत पुन्हा 'मी शाळा जातो' लिहितं. कारण विभक्तीचा प्रत्यय बोलण्यात शेपटासारखा लागून येतो, ओठांवर जेमतेम दिसतो. ऐकणाऱ्या पोराने 'घोड्याला', 'घोड्यावर', 'घोड्याचं' शाळेत येण्याआधी शेकडो वेळा ऐकलेलं असतं. घोडाचा घोड्या का होतो हे त्याला कोणी शिकवत नाही. याला ते एकदाही ऐकू आलेलं नाही. तेव्हा लाल पेनाने काही होत नाही. खडू बाजारात नेऊन ठेवायचा, बाजारातून आणायचा, बाजाराकडे न्यायचा, आणि दर वेळी शब्द लिहून दाखवायचा. जमिनीवर खडूने बाजार आखून. आणि भारतीय सांकेतिक भाषा शिका. तीन हातवारे नाही, भाषा. तिला स्वतःचं व्याकरण आहे, ते मराठीचं नाही. त्या भाषेत गप्पा मारता आल्या की मुलाला मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकवता येते, आणि काम बरंच सोपं होतं.

कायद्याने आता मुलांना शाळेत आणलंय. 2016 चा कायदा 6 ते 18 वयाच्या, चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी प्रमाणही सांगितलं: प्राथमिकला दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरामागे एक. कागदावर उत्तम. पण ही दहा मुलं एका वर्गात नसतात. नऊ गावांत असतात आणि एसटी दिवसातून दोनदा जाते. एका मुलाच्या वाट्याला तुम्ही आठवड्यातून पाऊण तास येता. उरलेला आठवडा ते मूल वर्गशिक्षिकेच्या हाती असतं आणि त्या बाईंच्या समोर आणखी चाळीस मुलं असतात. म्हणून तुमचा आराखडा त्या बाईंना वाचता आला पाहिजे. 'सूक्ष्म कारक कौशल्यांचा विकास' लिहून ठेवलंत तर त्या कपाटात ठेवतील. 'डबा स्वतः उघडेल, झाकण सैल करून द्यावं' असं लिहिलंत तर उद्या मधल्या सुट्टीत करून बघतील.

म्हणून पहिल्या आठवड्यात पाठ घ्यायचे नाहीत. हो, नीट ऐकलंत. माझ्या गटातल्यांनी पहिला आठवडा नुसतं बघायचं. एक मूल, शाळेत आल्यापासून सुटेपर्यंत. चपला कशा काढतं, डबा कोणाच्या शेजारी खातं, कंटाळलं की काय करतं. वहीला कव्हर नको. मग आईला किंवा आजीला भेटायचं, आणि तिला फॉर्म भरायला लावायचा नाही, गप्पा मारायच्या. मग उद्दिष्ट. एकच. तुमच्या वेळापत्रकात हे बसत नाही हे मला माहीत आहे, प्राचार्यांशी मी बोलले आहे, ते फारसे खूश नाहीत.

आणि उद्या येताना प्रत्येकाने एक नाडी आणायची. खरी, सुती, घरातली. ती कमरेला बांधायची आणि सोडायची, आणि केलेली प्रत्येक हालचाल वेगळ्या ओळीवर लिहायची. कोणतं बोट, कोणता हात, कधी ओढलं, कधी सैल सोडलं. मग ती यादी शेजारच्याला द्यायची. त्याने त्यात लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःच्या मनाचं काही नाही. गाठ बसली नाही तर यादी परत. माझी पहिली यादी सहा ओळींची होती, शेवटची एकोणीस. शेवटच्या ओळीपासून शिकवायला सुरुवात का करतात, ते परवा बोलू. आधी एकोणीस ओळी होऊ देत.