प्लेअरने न ओळखलेली डिस्क

[दृश्य: रामकुंड, सकाळ. त्यानंतर पंचवटीतलं एक घर, टीव्हीखालचा प्लेअर, शेजारी डिस्कचा गठ्ठा.]

निवेदन :

२९ ऑगस्ट २०१५. सिंहस्थातलं नाशिकचं पहिलं शाही स्नान. रामकुंडावर वाहिन्यांचे कॅमेरे होतेच, पण आसपासच्या गच्च्यांवर घरचे कॅमेरेही होते. ते चित्रण कार्डावरून लॅपटॉपवर आलं, लॅपटॉपवरून डिस्कवर गेलं आणि नातेवाइकांत वाटलं गेलं. एक प्रत सिडकोतल्या मामांकडे, एक नाशिकरोडला आत्याकडे, एक अमेरिकेतल्या भाच्याकडे. मामांच्या टीव्हीवर साधूंची मिरवणूक लख्ख दिसते. आत्याचा प्लेअर डिस्क फिरवत राहतो आणि शेवटी सांगतो, वाचता येत नाही. भाच्याकडे पडदा काळाच.

डिस्क तिन्ही ठिकाणी सारखीच. मग खराब कोणती?

बहुतेक वेळा कोणतीच नाही. डिस्क उघडताना प्लेअरला एकामागून एक बऱ्याच गोष्टी तपासाव्या लागतात आणि कुठेही अडलं तरी पडद्यावर वाक्य तेच येतं. ते वाक्य खरं मानून घराघरांतून चांगल्या डिस्क रद्दीत गेल्या, याचं वाईट वाटतं. त्यात लग्नं होती, मुंजी होत्या, जुन्या नाशकातल्या रहाडींमधली, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांमधली, रंगपंचमी होती.

[दृश्य: दोन डिस्क शेजारी शेजारी, प्रकाशात तिरप्या धरलेल्या.]

डीव्हीडी वाचणारा लेझर लाल असतो, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. तरंगलांबी कमी, म्हणून खुणा बारीक, म्हणून डीव्हीडीच्या ४.७ जीबीऐवजी एका थरात २५ जीबी मावतात. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीचा ०.६. तेव्हा ब्लू-रे डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये चालणार नाही, हे लगेच पटतं.

आत्याकडची डिस्क मात्र ब्लू-रे नव्हतीच. ती साधी डीव्हीडी होती.

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिक यांनी एव्हीसीएचडी ही पद्धत आणली. तिच्यात एचडी चित्रण साध्या कोऱ्या डीव्हीडीवरही लिहिता येत होतं. ब्लू-रे रायटर फारच थोड्या घरांत होता, कोऱ्या ब्लू-रे डिस्क महाग होत्या, त्यामुळे हौशी माणसांनी आणि काही मिक्सिंगवाल्यांनीही, म्हणजे चित्रण कापून-जोडून डिस्क बनवून देणाऱ्यांनीही, हा मार्ग धरला. त्या काळात तो शहाणपणाचाच होता. अडचण एवढीच की अशी डिस्क वरून डीव्हीडी दिसते आणि आतून ब्लू-रेसारखी मांडलेली असते. लाल लेझर तिच्या खुणा वाचू शकतो, पण डीव्हीडी प्लेअर शोधत असतो व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर आणि एमपीईजी-२ या पद्धतीने आवळलेलं चित्र. इथे त्याला बीडीएमव्ही फोल्डर मिळतो आणि एच.२६४ या वेगळ्या पद्धतीने आवळलेलं चित्र, जे उलगडायची सोय त्याच्यात मुळातच नाही. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकांत याबद्दल इशाराही असे : एव्हीसीएचडी डिस्क न चालणाऱ्या प्लेअरमध्ये घालू नका, ती आत अडकू शकते. ते पान फारसं कुणी वाचलं नाही.

[दृश्य: ब्लू-रे प्लेअरवरचं एव्हीसीएचडीचं चिन्ह, जवळून.]

ब्लू-रे प्लेअर असला तरी खात्री नाही. त्यावर एव्हीसीएचडीचं चिन्ह आहे का, ते आधी बघावं. शिवाय डीव्हीडीवर लिहिताना सेकंदाला १८ मेगाबिट माहितीची मर्यादा होती, आणि कॅमेरे कार्डावर २४ पर्यंत भरत. कार्डावरचं चित्रण जसंच्या तसं डीव्हीडीवर उतरवलं, की काही प्लेअर नाकारतात, काही अडखळत चालवतात. १८ च्या वेगानेसुद्धा एका डीव्हीडीवर जेमतेम ३५ मिनिटं बसतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं तीन तासांचं लग्न म्हणजे सहा डिस्क! मग जागा वाचवायला सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बदललं जायचं आणि नवा घोळ व्हायचा.

त्यातला एक घोळ तर फारच सामान्य आहे. आपल्याकडे मिक्सिंगची टाइमलाइन बहुधा सेकंदाला २५ पूर्ण चौकटींची (फ्रेमची) असते. ब्लू-रेच्या नियमांत १०८० रेषांच्या चित्रासाठी २५ पूर्ण चौकटींना जागा नाही. २४ चालतात, किंवा अर्ध्या-अर्ध्या रेषांच्या ५०, म्हणजे प्रत्येकीत एकाआड एक अशा निम्म्याच रेषा. जाणकार मिक्सिंगवाला २५ चौकटींवर ५० अर्ध्यांची खूण मारून डिस्क बनवतो आणि ती चालते. ज्याला हे माहीत नसतं, त्याची डिस्क स्वतःच्या संगणकावर चालते आणि गिऱ्हाइकाच्या प्लेअरवर नाही. आवाजाचंही असंच. डॉल्बी डिजिटल किंवा साधा पीसीएम (न आवळलेला आवाज), तोही सहसा ४८ किलोहर्ट्झचा हवा. मोबाइलवर सर्रास असणारा एएसी पद्धतीचा आवाज ब्लू-रेच्या नियमात नाही.

आणि भाच्याचा काळा पडदा? रीजन कोडला, म्हणजे डिस्क ठरावीक देशांतच चालू देणाऱ्या कुलुपाला, उगीच दोष दिला जातो. घरी लिहिलेल्या डिस्कवर सहसा रीजनचं कुलूप नसतंच. आपलं चित्रण सेकंदाला ५० चित्रांच्या गतीचं, अमेरिकेतली यंत्रं ६० च्या गतीची. तिथले बरेच प्लेअर ५० चं चित्र पुढे पाठवतच नाहीत. ५० च्याच गतीने नाशिकला कितीही काळजीपूर्वक डिस्क लिहिली तरी हे टळत नाही.

[दृश्य: लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा ड्राइव्ह. पडद्यावर फोल्डर उघडतात.]

आता त्या गठ्ठ्याचं काय करायचं? डिस्क संगणकात घाला. एव्हीसीएचडी डीव्हीडीला साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो, खऱ्या ब्लू-रेला ब्लू-रे ड्राइव्ह लागतो. बीडीएमव्ही फोल्डर दिसला, त्यातल्या स्ट्रीम फोल्डरमध्ये एमटीएस किंवा एमटूटीएस फाइली असल्या, तर तुमचं चित्रण तिथे आहे. व्हीएलसीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या बहुधा लगेच चालतात. संगणकाने डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का, असं विचारलं तर नाही म्हणा. कॅमेऱ्यातच लिहिलेली, पण फायनलाइज न केलेली, म्हणजे लिहून झाल्यावर कॅमेऱ्यात शेवटची बंदिस्ती न केलेली डिस्क अशीच कोरी भासते; तिच्यासाठी तो जुना कॅमेरा माळ्यावरून काढावा लागेल.

सुट्या फाइली उचलू नका, अख्खा फोल्डर कॉपी करा. लांबलचक चित्रण कॅमेरा तुकड्यांत साठवतो आणि ते कसे जोडायचे याची माहिती शेजारच्या प्लेलिस्ट फोल्डरमध्ये असते. ती हरवली तर जोडाच्या जागी आवाज तुटतो, आणि तो नेमका मंगलाष्टकांच्या मधोमध तुटू शकतो.

हे लवकर करावं, असं मी आग्रहाने सांगेन. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह जवळपास दिसतच नाही. स्वस्तातल्या काही ब्लू-रे डिस्कवर सेंद्रिय रंगाचा थर असतो. त्या सुरुवातीच्या काही प्लेअरना वाचताच येत नव्हत्या, आणि असा थर उन्हाने, उष्णतेने लवकर बिघडू शकतो.

[दृश्य: २०१५चं चित्रण. गोदावरीचं पाणी, आधी करवती कडांसह, मग नितळ.]

मूळ फोल्डर हार्ड डिस्कवर जसाच्या तसा ठेवा. आत्याच्या टीव्हीसाठी वेगळी एमपीफोर फाइल बनवून पेन ड्राइव्हवर द्या, आणि ती बनवताना डीइंटरलेसचा पर्याय निवडा. अर्ध्या-अर्ध्या रेषा नीट जुळवल्या नाहीत तर हलत्या वस्तूंच्या कडा करवतीसारख्या दिसतात, आणि रामकुंडाच्या चित्रणात तर सगळं पाणीच हलतं आहे. शक्य असेल तर सेकंदाला ५० पूर्ण चौकटी ठेवा, २५ नकोत. भाच्यालाही हीच फाइल पाठवा. ती तो संगणकावर बघू शकेल, तिथे ५० आणि ६० चा प्रश्न उरत नाही.