नदीतलं केमिकल एसटीपीनं जात नाही, मग कशानं जातं? मार्कंडेय, हिरण्यकेशी, कृष्णेकाठच्या सगळ्यांसाठी

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ जरा मोठा होणार आहे, पण पूर्ण बघा, कारण विषय आपल्या पाण्याचा आहे आणि अर्धवट ऐकलं तर उगाच कुणावर तरी राग काढून मोकळे व्हाल.

बेळगावात नदी खराब झाली म्हटलं की लगेच सगळे बोलतात, गटाराचं पाणी सोडतात, एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, करा म्हणावं. बरोबर आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात येळ्ळूर, वडगाव, शहापूर, जुने बेळगावच्या शिवारात कसं शिरतं आणि भाताचं काय होतं ते तिथले शेतकरी किती वर्षं झाली सांगतायत, त्यावर मी नवीन काय सांगणार. एसटीपी पाहिजेच, त्यात वादच नाही.

पण एसटीपीचं काम मुळात जंतू करतात. मैला, साबण, खरकटं हे जंतू खातात आणि पाणी निवळतं. क्रोमियम, निकेल, शिसं हे कुठला जंतू खाणार? धातू खाऊन संपत नाही. तो एक तर पाण्याबरोबर पुढं जातो नाहीतर खालच्या गाळात बसतो, आणि तोच गाळ खत म्हणून शेतात गेला की झालं, फिरून आपल्याच ताटात. आणि जास्त ॲसिड एकदम आलं तर जे जंतू काम करत होते तेच मरतात, म्हणजे प्लांट असून नसल्यासारखा. म्हणून या केमिकलवर उपाय एकच आहे, ते जिथं वापरतात तिथंच कमी करायचं, नाल्यात पडायच्या आधी. आणि ते वापरणारे शेकडो लोक आहेत, एकटा कोण नाही, त्यामुळं हे काम एका ऑफिसरचं किंवा एका आंदोलनाचं नाहीच, सगळ्यांनी एका टेबलावर बसल्याशिवाय होत नाही. आज हेच सांगायचं आहे.

[स्क्रीनवर: प्लेटिंगच्या टाक्या]

आता हे बघा. बेळगाव म्हणजे फाउंड्री, हायड्रॉलिक्स, मशीन शॉप. सिलिंडरच्या रॉडला ती आरशासारखी चकाकी असते ना, ते हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा थर चढवलेला. टाकीत क्रोमिक ॲसिड असतं, गडद लालसर पाणी. कामगार जॉब, म्हणजे तो रॉड, टाकीतनं वर काढतो आणि लगेच बाजूच्या धुवायच्या टाकीत बुडवतो. त्या मधल्या दोन सेकंदात जॉबला जे पाणी चिकटून येतं ना, खरं नुकसान तिथं होतं. धुवायची टाकी पिवळी होत जाते आणि ती पिवळी टाकी शेवटी कुठंतरी ओतावीच लागते. हाच जॉब जर टाकीवरच पंधरा-वीस सेकंद लटकवून ठेवला, खाली उताराची एक पत्र्याची किंवा प्लास्टिकची फळी लावली, तर थेंब गळून परत टाकीत जातात. क्रोमिक ॲसिड काय फुकट येत नाही, मालकाचेच पैसे वाचतात! मग धुवायला एकाऐवजी दोन-तीन टाक्या ओळीनं, जॉब एका बाजूनं पुढं जाणार आणि पाणी उलट्या बाजूनं येणार, एवढं केलं तरी पाणी कितीतरी कमी लागतं.

तरी जे उरतं त्याला ट्रीटमेंट आहेच. आधी पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल) दोन-तीनवर आणून सोडियम मेटाबायसल्फाईट घालतात, त्यानं विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं कमी विषारी ट्रायव्हॅलंट होतं, पिवळं पाणी हिरवट होतं, मग चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच आठ-नऊला नेला की तो हिरवा साका खाली बसतो. तो साका घातक कचरा म्हणून अधिकृत जागीच जायला पाहिजे, रस्त्याकडेच्या खड्ड्यात नाही.

एवढं सगळं कशासाठी, तर हिशेब करून बघा. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची आपल्या बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे १ ग्रॅम क्रोमियम २० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. १ ग्रॅम! चिमूटभर. म्हणून नदीत गेल्यावर पकडू म्हणणं म्हणजे हातातनं वेळ गेली.

दोन-चार कामगारांचं शॉप आहे, भाड्याची शेड, ट्रीटमेंट प्लांट लावायला जागा पण नाही, असे कितीतरी जण आहेत. त्यांना नुसती नोटीस दिली की दिवसा सोडायचे ते पाणी रात्री सोडतात. अशा ठिकाणी सगळ्यांचा मिळून एक कॉमन ट्रीटमेंट प्लांट, सीईटीपी, हाच रस्ता, आणि तो चालतो कधी तर सगळे मेंबर एकमेकांवर लक्ष ठेवतात तेव्हा, कारण एकानं गुपचूप ॲसिड सोडलं तर सगळ्यांचा प्लांट बसतो.

नाही बसलो एकत्र तर काय होतं त्याचं उदाहरण तमिळनाडूत आहे, तिरुपूर. बनियन-टीशर्टचं गाव, डाईंगचं, म्हणजे कापड रंगवायचं, पाणी नोय्यल नदीत. खाली १९९२ ला ओरतुपाळयम धरण झालं, शेतीसाठी बांधलेलं, आणि त्यात साठलं काय तर डाईंगचं खारं पाणी. ज्या शेतकऱ्यांनी धरण मागितलं तेच म्हणायला लागले की आमच्या रानात हे पाणी सोडू नका. वर्षानुवर्षं कोर्ट चाललं आणि जानेवारी २०११ ला मद्रास हायकोर्टानं तिथली सगळी डाईंग-ब्लीचिंग युनिटं बंद करायचा आदेश दिला. शेकडो युनिटं एका फटक्यात बंद, हजारो हातांचं काम गेलं. नंतर झिरो डिस्चार्जचे, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडणारे, प्लांट करून, पाणी आणि मीठ परत काढून धंदा उभा राहिला. म्हणजे टेक्निक होतं, पण तोपर्यंत शेतकऱ्याची जमीन गेली आणि कामगाराची चूल विझली. मला वाटतं आपल्याकडं वडगाव, खासबाग, शहापूरचे विणकर, रंगारी, उद्यमबाग-मच्छे-होनग्याचे कारखानदार, सगळ्यांनी तिरुपूरचं हे एकदा नीट समजून घ्यावं.

[स्क्रीनवर: भाजीचं शेत, ओढा, फवारणीचा पंप]

आता कारखान्यावर बोललो की शेतकरी टाळ्या वाजवतात, म्हणून आता आपल्या शेताकडं येऊ. मी पण शेतकऱ्याच्याच घरातली आहे, त्यामुळं मनापासून बोलते.

कडोली, अलतगा, कंग्राळी, हा सगळा भाजीचा पट्टा. कोबी, फ्लॉवर, बटाटा, मिरची, आणि औषधाशिवाय भाजी येत नाही अशी परिस्थिती. फवारणी झाली की पंप धुवायचा कुठं? ओढ्यात. एका मामांना मी विचारलं, मामा हे काय करूलाईसा? तर म्हणाले, "वाहतं पाणी हाय की, जातंय वाहून." त्यांचं तरी काय चुकलं, रानात दुसरं पाणी नाही, कुणी कधी सांगितलं पण नाही.

पण बघा. क्लोरपायरीफॉस २० टक्के, सगळ्यांना माहीत असलेलं औषध. बाटलीत तळाला ५ मिली राहिलं तर त्यात १ ग्रॅम औषध आहे. माशांसाठी अमेरिकेत या औषधाची जी मर्यादा धरतात ती लिटरला ०.०८३ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ते १ ग्रॅम साधारण १ कोटी २० लाख लिटर पाण्याला पुरतं. एका बाटलीचा तळ! मासे, खेकडे, पाण्यातले किडे हे आधी जातात आणि आपल्याला कळत पण नाही, कारण पाणी दिसायला स्वच्छच असतं.

यावर अमेरिकेत ओरेगॉन राज्यात हूड रिव्हर म्हणून खोरं आहे, नाशपाती, सफरचंद, चेरीच्या बागा, तिथं साधारण २५ वर्षांपूर्वी हेच झालं. ओढ्यांच्या पाण्यात क्लोरपायरीफॉस सापडलं, मर्यादेच्या वर. तिथल्या पर्यावरण खात्यानं आधी दंड काढला नाही. बागायतदार, विद्यापीठाचे कृषी विस्तारवाले, माती-पाणी संवर्धनवाले आणि ज्यांचं जगणं त्या माशांवर आहे त्या वॉर्म स्प्रिंग्सच्या आदिवासी जमातींचे लोक असे सगळे बसले. दर सीझनला पाणी तपासायचं आणि आकडे थेट बागायतदारांसमोर ठेवायचे. मग त्यांनीच फवारे नीट कॅलिब्रेट केले, म्हणजे औषध किती पडतं ते मोजून बसवले, ओढ्याच्या कडेची झाडं आतल्या बाजूनंच फवारायची, वारं असलं की थांबायचं, औषध मिसळायची जागा पाण्यापासून लांब. आणि ओढ्यातलं प्रमाण खाली आलं. बागा तशाच आहेत, औषध पण मारतात, पण ओढ्यात कमी जातं.

मला यातलं सगळ्यात काय पटलं सांगू? आकडा शेतकऱ्याला दाखवला, शेतकऱ्यावर फेकला नाही.

आपल्याकडं काय करता येईल ते पण साधंच आहे. बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळायची आणि विसळलेलं पाणी त्याच पंपात, म्हणजे औषध पिकावरच गेलं, पैसे पण वसूल. पंप धुवायला एक ड्रम बांधावर न्या, धुतलेलं पाणी फवारलेल्या वाफ्याच्या कडेलाच मारा. गावाची एक धुवायची जागा करता येते, खाली खड्डा, त्यात माती, भाताचं पिंजर आणि शेणखत, त्यातले जंतू औषध हळूहळू मोडतात (स्वीडनमध्ये १९९० च्या दशकापासून शेतकरी हे करतात). विहिरीजवळ आणि ओढ्याजवळ नको एवढं बघा. आणि बाटलीवरचा त्रिकोण बघत जा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. खताच्या दुकानदाराला या बैठकीत घ्याच घ्या, कारण शेतकरी कृषी खात्यापेक्षा त्याचं जास्त ऐकतो, हे खरं आहे.

साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी आहे, ते पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मासे तडफडून वर येतात, पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करावा लागेल.

[स्क्रीनवर: नद्यांचा नकाशा]

आता आपल्या भागाची खरी अडचण. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते आणि तेच पाणी येडूर, कल्लोळकडनं आपल्या चिकोडी, रायबाग, अथणीत. पलीकडं असताना पाण्याचा हिशेब महाराष्ट्राच्या प्रदूषण मंडळाकडं, इकडं आलं की कर्नाटकच्या. हरित लवादात जायचं तर महाराष्ट्राची केस पुण्याला आणि कर्नाटकची चेन्नईला. नदी एकच! त्यामुळं काठावरच्या गावांनीच आपसात बोलल्याशिवाय वरच्याला खालचं आणि खालच्याला वरचं कळत नाही. आणि हे मी मुद्दाम सांगते, बैठक मराठी आणि कन्नड दोन्हीत घ्या, बोर्डावर आकडे लिहाल ते दोन्ही लिपीत लिहा. सीमाप्रश्नावर ज्याचं जे मत आहे ते असू दे, मार्कंडेय आपल्या राकसकोपवरनं खाली गोकाककडं जाते, तिथं गोडचिनमलकीच्या धबधब्याखाली उभा राहणारा कन्नड माणूस आपणच सोडलेलं पाणी बघतोय. त्याला बोलवायला नको?

सुरुवात कुठनं करायची तर तपासणीपासून, आणि सगळ्यांसमोर. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं, पेन स्वस्तात मिळतं, डाईंगचं किंवा खारं पाणी आलं की त्याचा आकडा उडी मारतो. नाला नदीला मिळतो त्याच्या वर एक जागा आणि खाली एक जागा, दोन्हीकडं रोज एकाच वेळी बघायचं, शाळेतली पोरं पण करतील. धातूसाठी मात्र लॅब लागते, आणि त्यासाठी पाण्याबरोबर नदीतला वरचा गाळ पण द्या. रात्री सोडलेलं पाणी सकाळपर्यंत निघून जातं, गाळात धातू राहतो. बेळगावात व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, आहे, इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, केमिस्ट्रीच्या, सिव्हिलच्या पोरांना प्रोजेक्ट पाहिजेच असतो. बाटली आणि ती कशी भरायची हे लॅबलाच आधी विचारा, धातूच्या नमुन्यात ते नायट्रिक ॲसिड घालतात, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटून आकडा कमी येतो.

एक लक्षात ठेवा, आपण काढलेला नमुना कोर्टात चालत नाही. १९७४ च्या पाणी कायद्यात मंडळाच्या अधिकाऱ्यानं पद्धतशीर काढून सील केलेलाच चालतो. मग आपल्या आकड्यांचा उपयोग काय, तर पाणी कधी आणि कुठं बिघडतं हे आपल्याला माहीत असतं, त्या वेळेला अधिकाऱ्याला तिथं आणायचं. नाहीतर ते येतात भर दुपारी, पाणी बघतात, निघून जातात.

नमुने दोनदा घ्याच. एकदा उन्हाळ्यात, पाणी कमी असतं आणि सगळं दाट होतं तेव्हा. एकदा वळवाचा पहिला मोठा पाऊस झाल्या-झाल्या, तेव्हा रानातलं औषध ओढ्यात उतरतं. एक नमुना बघून कुणाला दोषी ठरवू नका. आणि पहिल्या बैठकीला कारखानदाराला आरोपी करून बोलवलं तर दुसऱ्या बैठकीला तो येणार नाही. त्याला म्हणा, तुझा जॉब टाकीवर किती सेकंद थांबतो ते दाखव आम्हाला. आणि शेतकऱ्याला म्हणा, तू पंप कुठं धुतोस ते दाखव त्याला.

पुढच्या व्हिडिओत टीडीएसचं पेन घेऊन मार्कंडेयवर उभी राहून रीडिंग कसं घ्यायचं, वहीत काय-काय लिहायचं, तारीख, वेळ, पाऊस होता का, पाण्याचा रंग, वास, हे सगळं करून दाखवते. तोपर्यंत आपल्या गावातला नाला नदीला नेमका कुठं मिळतो ती जागा एकदा चालत जाऊन बघून ठेवा. चला, भेटू.