ऑगस्टातली बाग आणि पुण्याला निघालेली पोरं

ऑगस्टात तासगाव भागातली द्राक्षबाग बघितली तर घड एकही दिसणार नाही, नुसती पानं आणि पिकत आलेली काडी. पण पुढच्या फेब्रुवारी-मार्चला माल किती निघणार याचा अर्धा निकाल त्या काडीतल्या डोळ्यात, म्हणजे जिथून पुढे फूट निघते त्या कळीत, आधीच लागलेला असतो. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावर नव्या काडीसाठी करायची छाटणी, झाली की साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात बारीक घड तयार होतात, तेव्हा ऊन पाहिजे असतं, ढग राहिले, पानांची गर्दी झाली, नत्र जास्त पडलं की घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते आणि वर्षभराचं गणित बिघडतं.

म्हणूनच द्राक्ष बागायतदार संघाचं अधिवेशन ऑगस्टच्या सुमाराला पुण्यात भरतं ते बरोबर वेळेवर असतं, घड काढण्यासाठीच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी. १९६० पासूनचा संघ आहे हा. यंदा त्या अधिवेशनाला आमच्या ज्युनिअर कॉलेजची क्रॉप सायन्सची पोरंपोरी गेली होती, आणि सोबत मी. मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप इथेच चालू आहे, मुली बऱ्याच होत्या म्हणून सरांनी मला बरोबर घेतलं.

निघायच्या आधी मी पोरांना एकच काम दिलं होतं. घरी विचारा की यंदा बागेत काळजी कशाची वाटतेय, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. वह्या बघितल्या आणि मी थक्क झाले. डावणी (पानाघडांवरचा बुरशीचा रोग) आली तर फवारणी कधी, डोळे तपासणी करायची का नाही, किती डोळ्यांवर छाटायचं, बेदाणा शेडवर टाकला आणि पाऊस आला तर काय. सतरा वर्षांची पोरं ही, पण प्रश्न सगळे घरच्या कर्जाशी बांधलेले. पाठ टाचणात 'विद्यार्थी कृती' असा एक रकाना असतो, तो एवढा भरलेला मी कधी बघितला नव्हता.

पलूस, कराड, मग हायवे. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत बसमध्ये सर तास-ए-गणेश या द्राक्षाच्या जातीबद्दल सांगत होते. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन या जुन्या जातीच्या बागेतून निवडून ही जात पुढे आणली. सोनाका पण तशीच, सोलापूरच्या नान्नजची, नानासाहेब काळे यांची. म्हणजे बागेत रोज फिरणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेला एखादी वेगळी वेल दिसली आणि त्याने तिच्याकडे दुर्लक्ष केलं नाही. मला वाटतं पोरांना सगळ्यात जास्त हेच सांगायला पाहिजे.

हॉल गच्च भरलेला होता, पांढऱ्या टोप्या, पुढच्या रांगेत मोठमोठे एक्स्पोर्टवाले बागायतदार. पोरं दबली, दबणारच. पहिल्या सत्रात कुणी तोंड उघडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी एवढंच म्हणलं की तुमच्या वडिलांचा प्रश्न इथे नाही विचारला तर तो तसाच माघारी जाणार आहे.

दुपारी एका मुलीने माइक मागितला. म्हणाली, सर, मे महिन्यात आमच्याकडे बरेच दिवस ढगाळ होतं, वडील म्हणतात नेहमीच्याच डोळ्यावर छाटूया, पण तिथे घड नसले तर? व्यासपीठावरचे तज्ज्ञ लगेच म्हणाले, अंदाजाने छाटू नका, बागेतल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या काड्या आणून डोळे तपासा, सबकेन, म्हणजे शेंडा खुडल्यावर फुटलेली उपकाडी, असेल तर गाठीजवळचे डोळे नीट बघा, मग कात्री लावा. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी तिला विचारलं, कुठल्या गावची गं बाळा? आणि आपल्या बागेचं सांगायला लागले, ती लिहून घेत होती. त्यानंतर आमच्या रांगेतून हात वर येतच राहिले. मला खरंच फार भारी वाटलं, कारण त्यांना बोलताना कुणी लहान धरलं नाही.

परत येताना बसमध्ये निम्मी पोरं घरी फोन लावून सांगत होती, पप्पा छाटणीची घाई करू नका.

आता पुढचा माझा पाठ डोळ्यातल्या घडनिर्मितीवर आहे. काड्या पोरं आपापल्या बागेतून आणणार, प्रत्येक जुडीला प्लॉटचं नाव बांधून. मायक्रोस्कोप कॉलेजच्या लॅबमधला. डोळा ब्लेडने कापायचा, घड दिसतो का बाळी ते बघायचं, आणि कितव्या डोळ्यात काय दिसलं त्याचा तक्ता त्याच संध्याकाळी घरी द्यायचा. छाटणीच्या आधी.