फ फासाचा

[दृश्य: सकाळ. वर्गाची उघडी खिडकी. फळ्यावर ओठ, दात आणि जिभेचं चित्र.]

सोलापुरातल्या या बायबल स्कूलमध्ये पहिला तास प्रार्थनेचा. दुसऱ्या तासाला शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतं, पण आज ते मिटलेलंच आहे. विद्यार्थी तोंडासमोर तळहात धरून 'क' म्हणतायत, मग 'ख'. 'ख' म्हटलं की हाताला वारा लागतो, 'क'ला लागत नाही. लागला की नाही, ते शेजाऱ्याला सांगायचं.

हा खेळ नाही. उद्या हे विद्यार्थी पारधी वस्तीवर जातील. तिथला शब्द जसा उच्चारला जातो तसाच त्यांना वहीत उतरवायचाय. आपल्या मराठी कानाला वाटतो तसा नाही. सर एकच वाक्य परत परत सांगतात, "आधी ऐका. शिकवायचं नंतर."

[दृश्य: भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर बोट फिरतं.]

पारधी बोलीचं नातं गुजराती आणि भिलीशी. कैकाडी तर द्रविड कुळातली, तमिळच्या जवळची. दोन्ही घरांतली मुलं पहिलीत येतात तेव्हा त्यांच्यापुढे मराठी पुस्तक येतं. अक्षर अनोळखी आणि भाषाही अनोळखी. मूल गप्प बसतं आणि आपण म्हणतो, याला अभ्यासात गती नाही.

[दृश्य: रस्त्यावरची पाटी, 'सेटलमेंट' या शब्दावर कॅमेरा थांबतो.]

'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरचे लोक आजही पत्त्यात लिहितात. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवला. पुढे सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं. दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी. काही काळ या सेटलमेंटचा कारभार अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेकडे होता. मिशननं तिथं शाळा चालवली, ती कुंपणाच्या आतच. आपल्या ख्रिस्ती मंडळीनं या इतिहासाचे दोन्ही भाग लक्षात ठेवावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला.

[दृश्य: ग्रंथालय. जुन्या बायबलची पिवळी पानं. इथे अर्धा मिनिट निवेदन नाही.]

सोलापूरहून पुण्याकडे जाताना रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मिशनमधल्या बायकांनी केलं. रमाबाई 1922 साली गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर आलं. इथल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हातात ही प्रत एकदा तरी दिली जाते.

[दृश्य: जमिनीवर पसरलेले कार्डशीट, स्केचपेन, कात्री.]

आता अंकलिपी. बाजारातली अंकलिपी म्हणते, अ अननसाचा. वस्तीवरच्या किती मुलांनी अननस पाहिलाय? म्हणून आधी शब्द गोळा करायचे. घरातले, चुलीजवळचे, रानातले. मग प्रत्येक शब्दातले आवाज सुटे करायचे. कोणता आवाज सारखा सारखा येतो, त्याच्यापुढे रेघा मारत जायचं. सगळ्यात जास्त रेघा ज्याच्यापुढे, ते अक्षर पहिल्या पानावर. मुळाक्षरांचा शाळेतला क्रम इथे चालत नाही. पहिल्या चार-पाच अक्षरांतूनच मुलाला ओळखीचा पुरा शब्द वाचता आला पाहिजे. एका धड्यात दोनच नवी अक्षरं, बाकी सगळी मागची.

ओळखीच्या शब्दांतून अक्षरं शिकवण्याची रीत फ्रँक लॉबॅक या मिशनऱ्यानं 1930 साली फिलिपिन्समधल्या लानाओत वापरली. शिकलेल्यानं लगेच दुसऱ्याला शिकवायचं, हेही त्यांचंच. पुढे ते भारतातही येऊन गेले.

हे कार्ड पहा. फ फासाचा. तितर धरायचा फास, ज्यावरून फासे पारधी हे नाव पडलं. चित्र वस्तीवरच्याच एका पोरानं काढलंय. विद्यार्थ्यांनी काढलेला फास त्यानं पाहिला आणि म्हणाला, "ह्यात तितर घावायचं न्हाई."

[दृश्य: संध्याकाळ. मोहोळ रस्त्याला ज्वारीचं रान, पलीकडे वस्ती. दिव्याभोवती मुलं.]

आठवड्यातून दोनदा वर्ग भरतो. इथली काही मुलं आता रोज शाळेत जाऊ लागली आहेत.

[दृश्य: पाटीवर मुलांचे हात. निवेदन नाही.]

मुलं पांगली की मोठी माणसं बसतात. विद्यार्थिनी हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, त्यांच्याच बोलीत सांगू पाहते. शंभर मेंढरं, त्यातलं एक चुकलं, म्हणून धनी नव्व्याण्णव मागं ठेवून निघाला. आजी मधेच थांबवते. "शंभर मेंढरं म्हंजे धनगराची गोष्ट झाली की. आमचं कोण हाय हिच्यात?"

दुसऱ्या दिवशी वर्गात यावर दोन तास चर्चा झाली. कोणी म्हणालं, मेंढराऐवजी गाय घालू. पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून शिकार करत आले आहेत, गाय त्यांच्या जिव्हाळ्याची. सरांनी नकार दिला. येशूनं सांगितलं ते मेंढरूच, ते बदलायचा हक्क आपल्याला नाही. पण ते कसं सांगायचं, हे मात्र आजीला विचारायचं.

[दृश्य: पुन्हा वस्ती. आजी, विद्यार्थिनी, मधे उघडी वही.]

आजी आता गोष्ट आपल्या तोंडानं सांगते आहे. मेंढराचा शब्द तिनं दिला. चुकलं याला मात्र तिला वहीतला शब्द पसंत नाही. वाट चुकणं वेगळं आणि कळपातून मागं राहणं वेगळं, असं ती म्हणते, आणि दोन्हींचे शब्द दोनदा उच्चारून दाखवते.

विद्यार्थिनी पहिला शब्द खोडते. "आजी, परत एकदा म्हणा."

[आजीचा आवाज. निवेदन इथे थांबतं.]