कितवं सिलिंडर मिसिंग मारतंय?

श्रोतेहो, नमस्कार. हडपसरला सासवड रस्त्यालगत माझं गॅरेज आहे. २२ वर्षं झाली. येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त छोट्या मालवाहू पिकअप. रात्री पुरंदरहून अंजीर, सीताफळ, वाटाणा भरून दिवे घाट उतरायचा, पहाटे मार्केट यार्डात माल खाली करायचा आणि परतीला भुसार बाजारातून किराणा भरून तोच घाट चढायचा. या लोकांची गाडी एक दिवस उभी राहिली, तर हप्ता आणि पोरांची फी दोन्ही अडतं. म्हणून आज मी एकाच दुखण्यावर बोलणार आहे. गाडी मिसिंग का मारते, आणि कारण सापडायच्या आधीच पार्ट का बदलू नयेत.

मिसिंग म्हणजे काय? चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे फिरताना, एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा जाळ होतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. त्यातला एखादा जाळ झालाच नाही किंवा अर्धवट झाला, की गाडी हिसका देते. जाळ व्हायला तीन गोष्टी लागतात. योग्य वेळी पडलेली ठिणगी, हवेशी बरोबर मिसळलेलं इंधन आणि पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलं जाण्याचा जोर. तिन्हींपैकी काय कमी पडलं, हे अंदाजानं कळत नाही. ठिणगी पाडणारा प्लग, मग त्याला व्होल्टेज देणारी कॉइल, मग पेट्रोलचा पंप असं एकेक बदलत गेलं तर कधी ना कधी दोष सापडेल, पण तोवर नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांत दहा-बारा हजार रुपये जातील. ते गाडीवाल्याच्या खिशातले असतात.

मागच्या पावसाळ्यात सासवडचे एक गाडीवाले आले. गाडी सीएनजीची. सपाट रस्त्यावर मऊ चालते, पण माल घेऊन दिवे घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये धक्के मारते आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. चारही प्लग आठ दिवसांपूर्वी दुसरीकडे बदलले होते, गॅसचा फिल्टरही नवा. मी म्हटलं, दादा, आधी सांगा, घाटात पेट्रोलवर टाकून पाहिली का? नव्हती पाहिली. सीएनजी गाडीत ही तपासणी फुकट आहे. फक्त गॅसवर मिसिंग असेल, तर बहुतेक वेळा दोष गॅसच्या बाजूचा, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर नाहीतर गॅसचे इंजेक्टर. दोन्ही इंधनांवर असेल, तर जे दोघांत सामाईक आहे तिकडे बघायचं. त्यांची गाडी पेट्रोलवर बरीच सुधारली, पण भरलेल्या मालावर एखादा धक्का येतच होता. हे उत्तर मला महत्त्वाचं वाटलं, कारण दोष दोन्ही इंधनांवर होता.

गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२. यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो, म्हणजे दोन नंबर. ०३०० आला तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही, मग इंधनाचा दाब, हवेची गळती अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी बघायच्या. पण कोड फक्त पत्ता सांगतो, रोग नाही. गाडीचा संगणक क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, चाल मोजतो, एखाद्या सिलिंडरच्या पाळीला चाल मंदावली की तो नंबर लिहून ठेवतो, एवढंच. कोड वाचून थेट कॉइल विकणं मला पटत नाही.

मग मी दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली, कोड पुसला, गाडीत पोती ठेवली आणि वडकीच्या पुढे घाटापर्यंत नेली. आता कोड आला ०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला. या अदलाबदलीला एक रुपया लागत नाही, आणि तुमच्या मेकॅनिकनं ती केली का, हे तुम्ही हक्कानं विचारा.

पण काम इथं संपलं नाही. कॉइल गेली कशानं? तिचं प्लगवर बसणारं रबरी टोपण, म्हणजे बूट, उजेडात धरलं, तर त्यावर केसाएवढी करडी रेघ होती. ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता त्या रेघेवरून हेडमध्ये उडत होती. पाणी जसं उताराकडे धावतं, तशी ठिणगी सोप्या वाटेनं जाते. घाटात थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जास्त उघडतो, सिलिंडरमध्ये जास्त वायू दाबला जातो आणि दाबलेल्या वायूतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त. त्यात नव्या प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी जिथं उडते ती फट, होता पेट्रोलचा, १ मिलिमीटरच्या वर. सीएनजीला तो त्याहून कमी ठेवावा लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गॅप जास्त म्हणून कॉइलवर ताण, ताणामुळे रबर फुटलं. नुसती कॉइल बदलली असती, तर तीही लवकरच गेली असती. फिलर गेजनं चारही प्लगचे गॅप तपासून बसवले, एक कॉइल घातली. प्लगच्या विहिरीत तेल किंवा पाणी साचलं तरी असंच होतं, म्हणून गाडी धुताना इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

तो दिवा लुकलुकत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडा, शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळते. तो पार्ट कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती अजून मनात आहे. काही वर्षांपूर्वी कोथिंबीर वाहणाऱ्या एका माणसाची गाडी आयडलिंगला मिसिंग मारायची, रेस दिली की ठीक. मी घाईत होतो. कॉइल बदलून दिली. चार दिवसांत गाडी परत. तेव्हा कॉम्प्रेशन गेज लावला. इंधन आणि ठिणगी बंद, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेल्फ पाच-सहा फेरे. आकडे आले १६०, १५५, ११०, १६० पीएसआय. तीन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा पाहिलं. आकडा वाढला असता तर दोष पिस्टनच्या रिंगांचा ठरला असता. वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह.

सीएनजी कोरडा असतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा, गॅप कमी होतो. आपण समजतो, टॅपेट वाजलं की सेटिंग करायचं. इथं उलट होतं, इंजिन दिवसेंदिवस शांत होतं आणि मालक समाधानी राहतो. शेवटी गॅप संपतो, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. हेड उतरवून सीट घासून घ्यावी लागली. वेळेवर टॅपेट तपासलं असतं, तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. त्या कॉइलचे पैसे मी बिलातून वजा केले. सीएनजी पिकअपवाल्यांनी टॅपेटची तपासणी पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला करून घ्यावीच, आवाज असो वा नसो.

डिझेल पिकअपमध्ये ठिणगीचा प्लगच नसतो. तिथं इंजेक्टर, फिल्टरमधलं पाणी, लाइनमधली हवा आणि कॉम्प्रेशन बघायचं.

गॅरेजला याल तेव्हा मेकॅनिकला चार गोष्टी सांगा. थंड इंजिनाला होतं की गरम, गॅसवर की पेट्रोलवर, चढावर की उभ्या गाडीला, आणि शेवटचं काम काय केलं होतं. कॉम्प्रेशन मोजलं असेल तर आकडे मागून घ्या. मी ते तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटच्या पेननं लिहितो. त्या कोथिंबीरवाल्यांच्या बॉनेटवर आता ११०च्या खाली १५५ लिहिलेलं आहे. नमस्कार.