रात्री घशात वाजणारी शिट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

घोरण्याचे आपल्याला अप्रूप नाही. गिरगावातल्या चाळीत तर शेजारच्या खोलीतले आजोबा कधी झोपले, हे भिंतीपलीकडूनही कळते. तिथल्याच एक बाई नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे घोरत नाहीत, यांच्या घशात शिट्टी वाजते." नवऱ्याची तक्रार निराळीच होती. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि लघवी तुंबे. आडवे असताना १४० असलेला त्यांचा वरचा रक्तदाब उभे राहिल्यावर तीन मिनिटांत १०० वर येत होता.

रक्तदाब, लघवी, घाम, पचन ही कामे आपल्या नकळत चालवणारी जी स्वायत्त मज्जासंस्था, तिच्या काही आजारांत झोपेतला श्वासही बिघडतो. मिल्टन शाय आणि ग्लेन ड्रेगर यांनी १९६० मध्ये वर्णन केलेला आणि आज 'मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी' या नावाने ओळखला जाणारा आजार त्यांपैकीच एक.

घोरण्याचा जाड आवाज टाळूच्या मऊ भागाच्या थरथरीने होतो. शिट्टीचा बारीक, चिरका आवाज मात्र श्वास आत घेताना येतो, कारण त्या क्षणी एकमेकींपासून दूर व्हायच्या स्वरतंतूंच्या पट्ट्या जवळच राहतात आणि हवेला जेमतेम फट उरते. दिवसा, जागेपणी दुर्बिणीने घसा पाहिला तर तो अगदी सरळ दिसू शकतो, आणि इथेच आम्ही डॉक्टर फसतो. कधी उलटेही घडते: मेंदूच्या देठातून श्वासाचा हुकूमच सुटत नाही, छाती आणि पोट दोन्ही स्तब्ध राहतात, आवाज मुळीच होत नाही. असा खंड दहा सेकंद किंवा त्याहून अधिक टिकला, तर झोपेच्या तपासणीत त्याची नोंद होते. अशा रुग्णाला स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देणे मला धोक्याचे वाटते.

बाईंना मी पंखा बंद करून तो आवाज मोबाईलवर टिपायला सांगितले. त्या चाळीस सेकंदांनी जे कळले, ते माझ्या प्रश्नांनी कळले नव्हते. पुढे झोपेची तपासणी झाली आणि मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र सुरू झाले. काहींना मात्र ते पुरत नाही आणि गळ्याला छिद्र करून श्वासमार्ग द्यावा लागतो. या गृहस्थांची शिट्टी थांबली. बाई सांगतात, यंत्राच्या सू-सू आवाजाने आता त्यांची झोप मोडत नाही. तो थांबला तरच मोडते.