डॉन पॅट्रिसिओ: बेटिसला लीग जिंकून देणारा डब्लिनकर

२८ एप्रिल १९३५. उत्तर स्पेनमधलं सांतांदेर. स्पेनच्या फुटबॉल लीगचा शेवटचा दिवस. सेव्हिलहून आलेला बेटिस हा संघ माद्रिदच्या संघापेक्षा फक्त एका गुणाने पुढे आहे. आज जिंकलं, तर लीग आपली. समोर आहे रेसिंग सांतांदेर, आणि बेटिसचा प्रशिक्षक याच रेसिंगला सात वर्षं घडवून गेलेला. निकाल लागतो पाच-शून्य. बेटिस स्पेनचा विजेता! त्यानंतर आजतागायत बेटिसला लीग पुन्हा जिंकता आलेली नाही.

त्या प्रशिक्षकाचं नाव पॅट्रिक ओकॉनेल. स्पेनमध्ये लोक त्याला डॉन पॅट्रिसिओ म्हणायचे.

जन्म १८८७ चा. डब्लिनमध्ये तो पिठाच्या गिरणीत कामाला होता. फुटबॉलने त्याला तिथून बाहेर काढलं. खेळाडू म्हणून बेलफास्ट सेल्टिक, शेफील्डचा वेन्सडे हा क्लब, हल सिटी आणि १९१४ मध्ये थेट मँचेस्टर युनायटेड. तेव्हा अखंड आयर्लंडचा एकच संघ होता, आणि त्याच वर्षी ओकॉनेलच्या नेतृत्वाखाली त्या संघाने ब्रिटिश होम चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्यातली स्पर्धा, पहिल्यांदाच कुणाशीही विभागून न घेता जिंकली. इंग्लंडला त्यांच्याच घरी, मिडल्सब्रोमध्ये, तीन-शून्यने हरवलं. स्कॉटलंडविरुद्धचा शेवटचा सामना बेलफास्टला होता. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. हात मोडलेला असतानाही कर्णधार खेळत राहिला, आणि सामना बरोबरीत सुटला.

पुढच्याच वर्षी एक डाग लागला. १९१५ च्या गुड फ्रायडेचा युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल हा सामना सट्ट्यासाठी आधीच ठरवलेला होता. युनायटेडने तो दोन-शून्य जिंकला. त्यात ओकॉनेलने मारलेली पेनल्टी गोलपासून दूर, बाहेर गेली. चौकशीनंतर दोन्ही संघांच्या मिळून सात खेळाडूंवर बंदी आली. ओकॉनेल त्यांत नव्हता.

१९२२ मध्ये तो रेसिंगचा प्रशिक्षक म्हणून स्पेनला गेला. बायको आणि चार मुलं मँचेस्टरला राहिली. अधूनमधून घरी पैसे यायचे, तो मात्र घरी परतला नाही. पुढे पहिली पत्नी हयात असताना त्याने स्पेनमध्ये दुसरा संसार थाटला. मैदानावरचं कर्तृत्व कितीही मोठं असलं, तरी या घराला त्याची किंमत मोजावी लागली, हे सांगितलंच पाहिजे.

मैदानावर मात्र तो संघ उभे करत गेला. १९२९ मध्ये स्पेनची पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा त्या दहा संघांत रेसिंग होता. मग ओव्हिएदो. मग १९३१ मध्ये बेटिस. हा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. १९३२ मध्ये तो पहिल्या श्रेणीत आला आणि तीन वर्षांत विजेता झाला. यश आलं ते बचावाच्या जोरावर. उर्कियागा गोलरक्षक, त्याच्यापुढे अरेसो आणि आएदो हे बचावपटू. २२ सामन्यांत बेटिसवर फक्त १९ गोल झाले.

आता बार्सिलोनाने त्याला बोलावलं. १९३६ च्या जूनमध्ये बार्सिलोना स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात माद्रिदकडून दोन-एकने हरला. शेवटच्या क्षणी बार्सिलोनाच्या एस्कोलाचा फटका माद्रिदचा गोलरक्षक झामोराने अडवला, आणि तो बचाव स्पेनमध्ये अजून सांगितला जातो. महिनाभरात यादवी युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये क्लबचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. स्पर्धा विस्कटल्या, तिजोरी रिकामी झाली. ओकॉनेल तेव्हा सुट्टीसाठी आयर्लंडला गेला होता. तिथेच थांबला असता, तर कुणी त्याला दोष दिला नसता. तो परत आला.

१९३७ मध्ये मेक्सिकोहून निमंत्रण आलं. या, सामने खेळा, आम्ही पैसे देऊ. संघ बोटीने निघाला. मेक्सिको, मग न्यूयॉर्क. दौऱ्याची कमाई बार्सिलोनात सुरक्षित राहिली नसती, म्हणून ती पॅरिसच्या बँकेत ठेवली गेली. त्या पैशांनी क्लबची देणी भागली, क्लब तगला. बहुतेक खेळाडू मेक्सिको किंवा फ्रान्समध्येच राहिले. ओकॉनेल मोजक्या जणांना घेऊन युद्धात होरपळणाऱ्या शहरात परतला. माझ्या मते बेटिसच्या विजेतेपदापेक्षाही हे काम मोठं आहे. लीग दरवर्षी कुणीतरी जिंकतंच. इथे मात्र अख्खा क्लब बुडायच्या बेतात होता.

युद्धानंतर तो पुन्हा बेटिसकडे आला. मग त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, सेव्हियाकडे. १९४३ मध्ये सेव्हिया लीगमध्ये दुसरा आला. मँचेस्टरमधला त्याचा एक मुलगा वडिलांना शोधत स्पेनला पोचला, तेव्हा ओकॉनेलने लोकांना त्याची ओळख पुतण्या म्हणून करून दिली.

अखेरची वर्षं लंडनमध्ये गेली, हलाखीत. २७ फेब्रुवारी १९५९ रोजी तो गेला. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. अर्धशतकाहून अधिक काळ ती तशीच होती. मग चाहत्यांनी निधी उभारला आणि २०१६ मध्ये तिथे स्मारक बसवलं.